सोमवारी बंद असलेलं बेट

नाकारणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात आम्ही इमारतींच्या भिंती, जिने, कठडे असं सगळं काँक्रीटमध्ये साच्यात ओतून तयार करतो आणि ट्रेलरवर चढवून साइटवर पाठवतो. पाठवण्याआधी मी बघतो. कोपरा उडालाय, पृष्ठभागावर बुडबुड्यांची भोकं राहिलीत, कड दोन मिलिमीटर वाकडी आहे, असं काही दिसलं की लाल खडूने फुली मारायची आणि पुढच्या भिंतीकडे वळायचं. गेली एकवीस वर्षं मी हेच करतोय. कारखान्यात मला तोंडावर 'सर' म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हा धंदा घरी आणू नकोस, असं बायको म्हणते. मी मुद्दाम आणत नाही, तो माझ्या मागोमाग येतो. कुणी नवा फ्लॅट बघायला बोलावलं, तर त्यांचा चहा उकळेपर्यंत बाल्कनीचा उतार कुठल्या बाजूला चुकलाय हे माझं बघून झालेलं असतं. आणि मला राहवत नाही, मी सांगतो. त्यामुळे हल्ली आम्हाला नवे फ्लॅट बघायला फारसं कुणी बोलावत नाही.

त्यात आमची लेक चित्रं काढणारी. जन्मली इथेच, वाढली इथेच. मराठी सगळं समजतं, उत्तरं बहुतेक इंग्रजीत येतात. चौदा वर्षांची असताना तिने आमच्याच इमारतीचं चित्र काढलं आणि धावत मला दाखवायला आणलं. मी चष्मा लावून मन लावून बघितलं. खिडक्यांच्या ओळी सरळ नव्हत्या. गच्चीचा कठडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होता. बाहेरच्या जिन्याला एक पायरी कमी होती. बऱ्याच चुका निघाल्या आणि मी त्या एकेक करून तिला समजावल्या. बाप म्हणून आपण पोरीला किती वेळ देतोय, असं तेव्हा मला वाटत होतं. लेकीने बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि तासभर रडली.

"ती पोरगी आहे, तुझ्या कारखान्यातलं भिंतीचं पॅनेल नाहीये," बायको म्हणाली. "नुसतं छान म्हणायला काय जातं रे तुझं?"

ते मला लागलं. तेव्हापासून मी नियमच करून टाकला. चित्र समोर आलं की 'छान'. जेवताना छान, ऑफिसला निघताना छान, फोनवर बोलता बोलता छान. रडारड बंद झाली. पण वर्षभरात लेकीने मला चित्रं दाखवणंही बंद केलं. आईला दाखवायची, मैत्रिणींना दाखवायची. मी खोलीत शिरलो की वही मिटायची. एकदा मन दुखावलं ते दुखावलं, असं मी धरून चाललो. आता ती अठरा वर्षांची होती आणि सप्टेंबरमध्ये शिकायला युरोपात जाणार होती. जायच्या आत एकदा तरी तिने आपण होऊन वही माझ्या हातात द्यावी, एवढंच मला हवं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला बहुतेक कळलं होतं, कारण तिला सगळंच कळतं.

वास्तुकलेच्या ज्या कॉलेजात लेकीला जायचं होतं, त्यांना बारा चित्रं पाठवायची होती. अकरा तयार होती. बाराव्याची अट अशी की एखादी वास्तू स्वतः जाऊन बघायची आणि तिथेच बसून काढायची. फोटोवरून काढलेलं चालणार नाही.

"दुबईत काय इमारतींचा दुष्काळ पडलाय?" मी विचारलं.

तिने मान वर न करता सांगितलं की जपानमध्ये एक छोटंसं बेट आहे. एके काळी तिथे कोळी राहायचे, मग तरुण माणसं शहरात निघून गेली आणि म्हातारी माणसं तेवढी उरली. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि तिथल्या टेकड्यांमध्ये, रिकाम्या घरांमध्ये, बोटीच्या धक्क्यावर आजच्या कलाकारांची कामं बसवली गेली. आता जगभरातून लोक ती बघायला जातात. तिथली काँक्रीटची संग्रहालयं तिला बघायची होती. काँक्रीट म्हटल्यावर मी सोफ्यावर सरळ बसलो.

"बाबा, यू वोन्ट एन्जॉय इट," ती म्हणाली. तरी ईदच्या सुट्टीत तिघांनी जायचं ठरलं.

आमच्या घरात प्रवास म्हणजे बायकोची एक्सेल शीट. ती अबुधाबीला एका बँकेत नोकरी करते आणि सुट्टीसुद्धा बँकेसारखीच चालवते. प्रत्येक कामाला एक ओळ. बाकी असेल तर पिवळी, झालं की हिरवी. त्या लांबलचक शीटमध्ये माझ्या वाट्याला एकच ओळ आली होती, बेटावरच्या संग्रहालयांची तिकिटं. तीही बहुतेक माझं मन राखायला दिली असावी. मी वेबसाइट उघडली. कार्डाचा ओटीपी येईना. तेवढ्यात प्लँटवरून फोन आला. मनात म्हटलं, एवढ्याशा बेटावर कोण कडमडायला जातंय, दारातच काढू. दोन दिवसांनी बायकोने विचारलं, "तिकिटं?" मी म्हटलं, "झालं." तिने ओळ हिरवी केली. कारखान्यात न बघता सही करणाऱ्याला मी त्याच दिवशी घरी पाठवतो.

पुढे चंद्राने घोळ घातला. ईदची सुट्टी कॅलेंडरवर पेन्सिलीनेच लिहायची असते, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसला तर आणखी एक रोजा आणि सुट्टी एक दिवस पुढे. बायकोने चंद्र दिसणार असं धरून विमान काढलं होतं. बेट प्रवासाच्या शेवटी होतं: रविवारी बेट, सोमवारी आराम, मंगळवारी परत. चंद्र काही दिसला नाही, आणि आमच्या मॅनेजरने लगेच ग्रुपवर टाकलं की उद्या प्लँट चालू, मोठं काम ओतायचंय. मी फोन केला.

"हबीबी, मून मेरे हाथ में है क्या?" तो म्हणाला. "एक दिन की बात है. खलास."

बायकोने लॅपटॉप उघडून विमान, हॉटेलं, ट्रेन, सगळं एकेक दिवस पुढे सरकवलं. परतीच्या विमानात मात्र दुसऱ्या दिवशी जागा नव्हती, म्हणून आरामाचा सोमवार गेला आणि त्याच्या जागी बेट आलं. "संग्रहालयाच्या तिकिटांची तारीख तेवढी बदल," तिने मला सांगितलं. मी हो म्हटलं. जी तिकिटं काढलीच नव्हती, त्यांची तारीख बदलण्यात अवघड काहीच नव्हतं.

तर सोमवारी सकाळी आम्ही बोटीने बेटावर उतरलो. लख्ख ऊन, पण अंगाला चटके न देणारं. आमच्याकडे असं ऊन जानेवारीत मिळतं. धक्क्याजवळ एक भलामोठा ठिपक्याठिपक्यांचा भोपळा ठेवलेला. "आम्हाला परीक्षेत मिळायचा तेव्हा घरी मार बसायचा, इथे लोक त्याच्यासोबत फोटो काढतात," मी म्हटलं. बायको हसली. लेकसुद्धा हसली, म्हणजे तोंडाचा एक कोपरा हलला. फोटो काढायला आमच्याशिवाय चारच माणसं होती. गर्दी नाही, मी म्हणालोच होतो, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं.

धक्क्यासमोर बॅटरीवर चालणाऱ्या सायकली भाड्याने देणारं एक दुकान होतं. दुकानातल्या आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील. लेकीने नकाशावर पहिल्या संग्रहालयावर बोट ठेवून रस्ता विचारला. आजींनी दोन्ही हात छातीसमोर आणून त्यांची फुली केली. लेकीने दुसरं दाखवलं. पुन्हा फुली. तिसरं दाखवलं, तेव्हा आजी कमरेत वाकून माफी मागितल्यासारखं काहीतरी म्हणाल्या आणि मग फुली केली. मी आयुष्यात हजारो फुल्या मारल्या असतील, पण इतक्या अदबीने मारलेली फुली पहिल्यांदाच पाहिली. फोनवरच्या भाषांतराने उलगडा केला. सोमवारी सगळी संग्रहालयं बंद असतात.

"असं कसं?" बायको म्हणाली. "आपली आजची तिकिटं आहेत ना."

दोघी माझ्याकडे वळल्या.

"तू म्हणालास, झालं," बायको म्हणाली.

"म्हणालो."

"मग?"

"नव्हतं झालं."

आजींना मराठीचा गंध नव्हता, पण त्यांनी हळूच दुकानाच्या आतल्या बाजूला काहीतरी आवरायला घेतलं.

"शुक्रवारी चित्रं पाठवायची शेवटची तारीख आहे. उद्या आपलं विमान आहे," बायको म्हणाली. "बारावं चित्र म्हणून काय पाठवायचं तिने? तुझं तोंड?"

लेकीने एक सायकल बाहेर ओढली. मग म्हणाली, "इट्स फाइन." त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. वही द्यायची तर राहोच, आता युरोपातून ती माझ्याशी फोनवर तरी बोलेल की नाही, अशी माझी गत झाली होती.

सायकली घेतल्याच होत्या, म्हणून निघालो. लेक पुढे निघून गेली. बायको माझ्या बरोबरीने सायकल चालवत मला जे ऐकवायचं ते सगळं ऐकवत होती, आणि बॅटरीची सायकल असल्यामुळे चढावरसुद्धा तिला दम लागत नव्हता. समोरून येणारे एक आजोबा थांबून आम्हाला वाकून नमस्कार करून गेले. मी पायडल मारत राहिलो.

टेकडीच्या पोटाशी लेक थांबलेली दिसली. तिथे एक संग्रहालय होतं. फाटकाला साखळी, आत चिटपाखरू नाही. पण रस्त्याच्या कडेने त्याची काँक्रीटची भिंत लांबवर गेली होती, दीड पुरुष उंच आणि रंग न दिलेली. लेक समोरच्या दगडी ओट्यावर बसली होती, वही मांडीवर, मिटलेली. बायकोने पिशवीतून दशम्या आणि लसणाची चटणी काढली. माझी दशमी तशीच राहिली. मी उठलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून भिंतीपाशी गेलो.

भिंत चौकोनाचौकोनांची होती आणि प्रत्येक चौकोनात सहा भोकं. काँक्रीट ओतताना दोन्ही बाजूंच्या फळ्या आवळून धरायला बोल्ट लावतात, त्यांची ती भोकं. आमच्याकडे ती बुजवून वर रंग मारतात. इथे ती उघडी ठेवली होती, आणि अशी ओळीत की मी गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघितलं. दोरी धरल्यासारखी सरळ. पृष्ठभाग तर इतका गुळगुळीत की बोट घसरत होतं. मला राग आला. तिकिटांवरून सकाळपासून बोलणी खाऊन झाली होती, आणि आता ही भिंत. असं कुणाला जमतच कसं? मी चूक शोधायला लागलो. इकडून तिकडे गेलो, वाकलो, टाचा उंचावल्या, गाल भिंतीला टेकवून बघितलं. आणि पंधरा-वीस मिनिटांनी सापडली.

"सापडली!" मी ओरडलो.

लेक उठून आली. "काय?"

"चूक. इथे बघ."

"आय कान्ट सी एनीथिंग."

"डोळ्यांनी नाही दिसणार. हात फिरव."

तिने हात फिरवला. कमरेच्या उंचीवर, एका चौकोनाच्या कडेला, तळहाताएवढी जागा किंचित खरखरीत होती. तिचा हात त्या जागेवर थांबला.

"काँक्रीट ओतताना इथे पोकळी राहिली असणार," मी म्हटलं. "मग कुणीतरी सिमेंटचा रंग जुळवून, हाताने लिंपून ती भरलीये."

"सो यू वुड रिजेक्ट इट?"

मी पुन्हा हात फिरवून बघितला. कडा इतक्या पातळ केल्या होत्या की भरलेलं कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते सांगता येत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "ज्याने हे केलंय त्याला आपल्या चुकीची लाज वाटली होती. अर्धा दिवस घालवलाय त्याने एवढ्याशा जागेवर. मी पास केलं असतं."

मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. दोन ओळींच्या मधली रेघ कसली? तिथे एका दिवसाचं ओतणं थांबलं आणि दुसऱ्या दिवशीचं सुरू झालं. काँक्रीट हलवायचं यंत्र लवकर बाहेर काढलं तर बुडबुडे राहतात, उशिरा काढलं तर खडी खाली बसते. किती वेळ ठेवायचं ते आमच्या बिहारी फोरमनला नुसत्या आवाजावरून कळतं. उन्हाळ्यात आम्ही पाण्याऐवजी बर्फ टाकतो, नाहीतर ते साच्यात पोचायच्या आतच घट्ट व्हायला लागतं. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर तिने 'वडिलांचा व्यवसाय: इंजिनियर' एवढं लिहिलं होतं; त्याच्या पुढचं तिने कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ती ओट्यावर जाऊन बसलीये आणि वही उघडी आहे. बायकोने माझ्या शर्टाला धरून मला मागे ओढलं.

"आता तिकडे फिरकायचं नाही. जेव."

लेक तीन तास काढत होती. मी दोनदा उठलो, दोन्ही वेळा बायको फक्त "बस" म्हणाली. मधेच रस्ता झाडणाऱ्या एक बाई आल्या, वाकल्या, आम्हाला तीन संत्री देऊन गेल्या. बायकोने त्यांना चटणी लावलेली दशमी दिली. त्यांनी ती तिथेच खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि जाताना पुन्हा वाकल्या. तोवर बायकोचा माझ्यावरचा राग थोडा उतरला होता, कारण संत्र्याच्या अर्ध्या फोडी तिने मला दिल्या.

दुपारच्या बोटीने आम्ही परत निघालो. बायको वर डेकवर गेली. मी खाली खिडकीपाशी बसलो होतो. लेक आली, शेजारी बसली आणि तिने वही माझ्या हातात दिली.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं सहज झालं. मी वही उघडली. पूर्ण इमारत तिने काढलीच नव्हती. नुसती भिंत होती, अगदी जवळून, पाच-सहा चौकोन, ती भोकं, ती मधली रेघ, आणि कडेला लिंपलेली जागा, ती तर फक्त पेन्सिल थोडी हलकी टेकवून दाखवलेली. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. आणि त्याच वेळी माझी नजर सवयीने भोकांच्या ओळीवरून सरकायला लागली. मी घाबरलो. नजर आणखी पुढे जायच्या आत मी वही मिटली.

"छान," मी म्हटलं. "खूप छान."

तिने वही परत घेतली. तिचा चेहरा उतरला.

"तू परत तेच करतोयस," ती म्हणाली.

"काय केलं मी?"

"छान. यू डोन्ट ईव्हन लुक, बाबा."

"अगं, मागे मी चुका काढल्या तर तू तासभर रडलीस."

"आय वॉज फोर्टीन! रडले, मग बाहेर आले आणि सगळं परत काढलं. तू सांगितलेलं सगळं करेक्ट करून. दोन दिवस लागले." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुला दाखवलं तेव्हा तू फोनवर होतास. तू म्हणालास, छान. आणि मग प्रत्येक वेळी तेच. छान तर सगळेच म्हणतात. तुला कशाला दाखवू मग?"

ते दुसरं चित्र मला आठवलं नाही. आजही आठवत नाही, आणि त्याची मला जितकी लाज वाटते तितकी तिकिटांची कधी वाटली नाही. मी खिशातून चष्मा काढला, काच शर्टाला पुसली आणि हात पुढे केला. तिने जरा वेळ लावला, पण वही दिली.

"खालून दुसरी ओळ बघ," मी म्हटलं. "इथे दोन भोकांमधलं अंतर कमी पडलंय."

"किती?"

"तू मोज."

तिने पेन्सिल आडवी धरून मोजलं, ओठ दाबला आणि खोडरबर काढलं. मग मी म्हटलं की मधली रेघ उजवीकडे वर चढतेय. ती म्हणाली, नाही चढत. मी म्हटलं, चढतेय. ती म्हणाली, रस्त्यालाच उतार होता, रेघ सरळ आहे. आम्ही भांडायला लागलो. तिचा आवाज चढला, पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं, आणि मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खोकलो.

रेघेच्या बाबतीत तिचंच बरोबर होतं, रस्त्याला उतार होता. बोट धक्क्याला लागली. माणसं उतरायला लागली. "यल्ला, उतरा आता!" बायको जिन्यावरून ओरडली. आमच्यापैकी कुणी हललं नाही. बोटीवरचा माणूस जवळ येऊन उभा राहिला, लेकीने त्याला न बघताच "वन मिनिट" म्हटलं आणि वही माझ्याकडे आणखी सरकवली.

मी वरून तिसऱ्या ओळीत शेवटच्या भोकावर बोट ठेवलं.

"तिथे ना," ती म्हणाली, "मलाही डाउट होता."